सात मेच्या आधीचे तास

बान्या लुकामध्ये लढाई झालीच नव्हती. बोस्नियाचं युद्ध एप्रिल १९९२ मध्ये पेटलं, सारायेवोला वेढा पडला, गावंच्या गावं जळाली. वायव्येचं हे मोठं शहर मात्र पहिल्यापासून सर्ब सैन्याच्या हातात होतं. रणरेषा लांब होती, रस्त्यावर दिवे लागत होते, दुकानं उघडत होती. अशा शहरात १९९३ सालच्या एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांत एकेक करून सगळ्या मशिदी गेल्या. सोळा होत्या, एकही उरली नाही. त्यांतली सर्वांत देखणी, १५७९ साली बांधलेली फर्हाद-पाशाची मशीद ६ आणि ७ मेच्या मधल्या रात्री सुरुंगांनी उडवली गेली. लोक तिला फर्हादिया म्हणत.

भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला स्फोट म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ च्या सकाळी साडेदहाच्या सुमारास जे झालं, त्यात छत खाली आलं आणि आठ कामगार गेले. ती दुर्घटना होती. तिथे तो स्फोट कुणालाही नको होता. बान्या लुकातला स्फोट कुणीतरी ठरवलेला होता. त्याच्या आधीचे दिवस आणि तास आज एकापुढे एक मांडून पाहता येतात, आणि ते पाहायलाच हवेत असं मला वाटतं. ‘युद्धात मशीद पडली’ एवढंच म्हटलं की पाडणारे हात दिसेनासे होतात.

रविवार, २ मे १९९३, अथेन्स

पाच दिवस उरले आहेत. बोस्नियाचे दहा प्रांत करून युद्ध थांबवण्याची व्हान्स-ओवेन योजना टेबलावर आहे. बोस्नियातल्या सर्बांचा नेता रादोव्हान कराजिच दबावाखाली तिच्यावर सही करतो, पण अट घालतो की आमच्या विधानसभेनं मान्य केली तरच. या योजनेत बान्या लुका सर्ब प्रांतातच राहणार होतं. म्हणजे मशीद उभी राहिली असती तरी शहर कुणाच्या हातून जाणार नव्हतं. १९९१ च्या जनगणनेत इथे सुमारे १ लाख ९५ हजार माणसं होती आणि त्यांत २८ हजारांहून अधिक मुस्लिम. ही माणसं त्या शहरात नकोत, हा प्रश्न कागदावर कुठेच लिहिलेला नव्हता. जमिनीवर तोच मुख्य प्रश्न होता.

इथे एक धागा आपल्याकडे येतो. या युद्धात संयुक्त राष्ट्रांनी पाठवलेल्या शांतिसेनेचे पहिले सेनापती होते लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, मराठा लाइट इन्फंट्रीचे अधिकारी, १९७१ च्या युद्धातले वीरचक्र विजेते. वर्षभर ती जबाबदारी सांभाळून ते मार्च १९९३ मध्ये मायदेशी परतले होते.

बुधवार, ५ मे, पाले

सारायेवोच्या वरच्या डोंगरात सर्ब विधानसभा बसते. सर्बियाचे अध्यक्ष मिलोशेविच आणि ग्रीसचे पंतप्रधान मित्सोताकिस स्वतः येऊन सांगतात, योजना मान्य करा. दिवस मावळतो, चर्चा संपत नाही. सेनापती म्लादिच नकाशे घेऊन उभा राहतो आणि कोणती जमीन सोडावी लागेल ते दाखवतो. सभागृहाचा कल तिथे फिरतो.

बान्या लुकात त्याच वेळी फर्हादियाच्या आवारात सगळं जागच्या जागी आहे. मधला मोठा घुमट, वजूचा हौज, तीन समाध्या, त्यांतली एक खुद्द फर्हाद-पाशाची. मिनार चाळीस मीटरांच्या वर. शहराच्या कुठल्याही चौकातून तो दिसे. १५७५ च्या लढाईत ऑस्ट्रियाचा सरदार ऑअर्सपेर्ग मारला गेला, त्याचा मुलगा कैद झाला, आणि त्याच्या सुटकेसाठी आलेल्या खंडणीतून ही मशीद उभी राहिली, असं सांगतात. दुसरी एक दंतकथाही आहे. इतकं सुंदर काम पुन्हा कुठे होऊ नये म्हणून पाशानं कारागिरांना मिनारात कोंडलं. त्यांनी आतच पंख तयार केले आणि एका रात्री उडून गेले. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याची गोष्ट आपल्याकडे घरोघरी ऐकवतात. बोस्नियातल्या लोकांनी आपल्या कारागिरांना सोडवलं, हे मला फार आवडतं.

ऑक्टोबर १९६९ च्या भूकंपात हे शहर खिळखिळं झालं होतं. मशिदीलाही मार बसला. तेव्हा युगोस्लाव्हिया होता, मशीद संरक्षित स्मारक होती, तिची दुरुस्ती झाली. चोवीस वर्षांपूर्वी ज्या शहरानं तिला सावरलं होतं, त्याच शहरात आता तिचे शेवटचे दोन दिवस उरले होते.

गुरुवार, ६ मे, पहाट

पालेमध्ये मतदान होतं. ५१ मतं योजनेच्या विरोधात, बाजूनं फक्त दोन. तह मोडला. सतरा तासांची बैठक संपवून मिलोशेविच रिकाम्या हातानं परततो.

हीच पहाट जुर्जेवदानची, म्हणजे संत जॉर्जच्या सणाची. सर्ब घरांत हा मोठा दिवस. माणसं उजाडायच्या आत नदीकाठी जातात, विलोच्या फांद्या घरी आणतात. पण हा सण एकट्या सर्बांचा कधीच नव्हता. बोस्नियातले मुस्लिम आणि रोमा हाच दिवस आपल्या नावानं पाळत. वसंत आला म्हणून सगळे एकाच व्रबास नदीच्या पाण्याकडे जात. पुढे जे झालं ते याच दिवसाच्या रात्री झालं, हा योगायोग मानणारा माणूस मी तरी वाचलेला नाही.

६ मे, दिवसभर

बेलग्रेडमध्ये मिलोशेविच सरकार जाहीर करतं: बोस्नियातल्या सर्बांना यापुढे अन्न आणि औषध सोडून काही मिळणार नाही. न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषद ठराव क्रमांक ८२४ मंजूर करते. स्रेब्रेनित्सा आधीच ‘सुरक्षित क्षेत्र’ होतं. आता सारायेवो, तुझला, झेपा, गोराझ्दे आणि बिहाच यांची भर पडते.

या यादीत बान्या लुका नाही. कसं असेल? तिथे वेढा नव्हता, तोफांचा मारा नव्हता, उपाशी मुलांची छायाचित्रं नव्हती. नोकरीवरून काढलेली माणसं होती, रात्री दार ठोठावणारे होते, घर सोडून जाण्याच्या कागदावर सही करणाऱ्यांच्या रांगा होत्या. जगाच्या मोजपट्टीत हे सगळं शांततेत धरलं जात होतं. त्या दिवसाच्या सगळ्या घडामोडींत मला ही गोष्ट सर्वांत जड वाटते. ज्या तारखेला जगानं शहरं वाचवायची यादी केली, त्याच तारखेला यादीबाहेरच्या एका शहरात सुरुंगाची तयारी चालू होती.

तयारी म्हणजे काय, हेही स्पष्ट करू. चार शतकांची घडीव दगडाची इमारत, जाड भिंती, घुमटाचं वजन चारी बाजूंनी खाली उतरवणारे कोपरे. एखादा बॉम्ब फेकून ती जमीनदोस्त होत नाही. भार कुठे आहे ते ओळखून तिथे दारू भरावी लागते, ती मोठ्या प्रमाणात आणावी लागते, वाहनं लागतात, जाणते हात लागतात, आणि कुणी अडवणार नाही याची खात्री लागते.

६ मे, अंधार पडल्यावर

संचारबंदी लागू होते. सामान्य माणसानं बाहेर पाऊल टाकलं तर गस्तीवाले पकडत. म्हणून या तासांत शहराच्या मध्यभागी जो कुणी वाहनं घेऊन फिरला, तो परवानगीशिवाय फिरला नाही. एवढं एक वाक्य नीट लक्षात घेतलं की ‘अज्ञात समाजकंटक’ हा शब्दप्रयोग आपोआप गळून पडतो.

गेल्या महिन्यात शहरातल्या मशिदी पडायला सुरुवात झाली होती. पुढचा नंबर कुणाचा, हे मोहल्ल्यातल्या माणसांना कळत होतं. पण संचारबंदीत घराच्या आत बसून ऐकण्यापलीकडे त्यांच्या हातात काही नव्हतं.

रात्र

पहिला हादरा बसतो. घुमट आणि भिंती कोसळतात. धूळ खाली बसते तेव्हा दिसतं की मिनार उभाच आहे. कारागिरांना ज्यात कोंडल्याची गोष्ट सांगतात तो मिनार पहिल्या स्फोटाला पुरून उरला. मग त्यालाही वेगळी दारू लावून पाडण्यात आलं.

साधारण ८०० मीटरवर आर्नाउदिया मशीद होती, तीही सोळाव्या शतकातलीच. तीही त्याच रात्री, पंधरा मिनिटांच्या आत गेली. दोन इमारती, दोन ठिकाणं, मधे पाव तास. इतकं काटेकोर वेळापत्रक जमावाला पाळता येत नाही.

बान्या लुकात मध्यरात्र असते तेव्हा भंडाऱ्यात पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. मे महिना, तेंदूपत्त्याचा हंगाम. साकोली-लाखांदूरकडची माणसं त्या वेळी डोक्याला फडकं बांधून जंगलाकडे निघालेली असतील. आपल्या वर्तमानपत्रांत त्या दिवसांत ही बातमी आलीच असेल तर एखाद्या कोपऱ्यात.

शुक्रवार, ७ मे, सकाळ

जुम्म्याचा दिवस उजाडला आणि नमाजाची जागा नव्हती. पुढच्या काळात राडारोडा हलवला गेला, समाध्याही गेल्या, शेजारचा घड्याळाचा मनोरा गेला. जमीन सपाट केली. दगड ट्रकमध्ये भरून शहराच्या कचरा डेपोवर, रामिचीला नेऊन टाकले, काही भरावात घातले.

नुसतं पाडणं पुरेसं असतं तर हे ट्रक लागले नसते. सोकोलाट्स गावचा युद्धकाळातला सर्ब प्रमुख मिलान तुपायिच याला पुढे हेगच्या न्यायालयात विचारलं गेलं, मशिदी का पाडल्या? त्याच्या उत्तराचा आशय असा होता: सर्बांमध्ये एक समजूत होती की मशिदी नसल्या तर मुस्लिम परत येणार नाहीत, परत यायचं कारणच उरणार नाही. दगड डेपोवर नेण्यामागचा हेतू यापेक्षा उघड सांगता येणार नाही.

फर्हादिया एकटी नव्हती. फोचाची आलाजा मशीद १९९२ च्या ऑगस्टमध्ये गेली. ९ नोव्हेंबर १९९३ च्या सकाळी सव्वादहाला मोस्तारचा जुना पूल नेरेत्वा नदीत पडला. तो क्रोएट सैन्याच्या रणगाड्यानं पाडला. पण त्या पुलाच्या दोन्ही अंगांना निदान लढाई चालू होती.

त्यानंतर आठ वर्षं

युद्ध थांबवणारा डेटनचा करार झाला, डिसेंबर १९९५ मध्ये पॅरिसला सह्या झाल्या. कराराच्या जोडपत्रांत दोन गोष्टी होत्या ज्यांच्यावाचून पुढचं काही घडलं नसतं: मानवी हक्कांचं एक न्यायासन आणि राष्ट्रीय स्मारकांसाठी एक आयोग. बान्या लुकाच्या मुस्लिम समाजानं त्या न्यायासनापुढे स्वतःच्या प्रांतिक सरकारविरुद्ध दावा लावला. जून १९९९ मध्ये निकाल लागला: त्या जागांवर दुसरं काही बांधायचं नाही, आणि मशिदी पुन्हा बांधायला परवानगी द्यायची. परवानगीचा कागद हातात यायला तरी २००१ उजाडलं. कोनशिलेसाठी तारीख निवडली ७ मे.

आणि दुसरी उलटी मोजणी सुरू झाली.

शनिवार, ५ मे २००१, त्रेबिन्ये: ४८ तास आधी

दक्षिणेकडच्या त्रेबिन्ये गावात उस्मान-पाशा मशिदीच्या पायाभरणीचा कार्यक्रम ठरला होता. जमाव चालून आला, पाहुण्यांना मारहाण झाली, कार्यक्रम उधळला. दोन दिवसांनी तसाच कार्यक्रम बान्या लुकात होता, तोही कितीतरी मोठा. याहून स्पष्ट इशारा मिळणं शक्य नव्हतं. पोलीस बंदोबस्त त्या मानानं वाढला नाही.

सोमवार, ७ मे २००१, सकाळ

बसगाड्या येऊ लागतात. त्यांतून उतरणारे बरेच जण याच शहरातले; १९९३ नंतर कधी इथे पाऊल न ठेवलेले. म्हातारी माणसं पुष्कळ. परदेशी राजदूत येतात, संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी जॅक क्लाइन येतात, बोस्नियाचे परराष्ट्रमंत्री झ्लात्को लागुमजिया येतात. मोकळ्या जागेवर नमाजासाठी सतरंज्या अंथरल्या जातात.

सभोवार गर्दी जमते. आधी घोषणा, मग दगड. पोलिसांची रांग तुटते.

दुपार

पाहुणे जवळच्या इस्लामी संस्थेच्या इमारतीत शिरून दारं लावून घेतात. आत राजदूत, मंत्री आणि शेकडो भाविक कोंडले जातात. बाहेर बसगाड्या पेटवल्या जातात, सतरंज्या जाळल्या जातात, इमारतीवरचा झेंडा उतरवून दुसरा चढवला जातो, मशिदीच्या जागेवर डुक्कर सोडलं जातं. कित्येक तास हे चालतं. संध्याकाळकडे आतल्यांना बाहेर काढलं जातं. अनेक जखमी. डोक्याला मार लागलेला, साठीतला एक भाविक काही दिवसांनी रुग्णालयात दगावला. तो फक्त पायाचा दगड बसताना पाहायला आला होता.

१९९३ च्या रात्री संचारबंदीचा आडोसा होता, पाडणाऱ्यांचे चेहरे दिसले नाहीत. या दिवशी भर दुपारी, कॅमेऱ्यांसमोर, ते दिसले. म्हणून मी या दोन तारखा एकाच घटनाक्रमात धरतो.

सहा आठवड्यांनी, १८ जूनला, कडेकोट पोलीस पहाऱ्यात कोनशिला बसली. त्याही दिवशी निदर्शकांवर बळ वापरावं लागलं.

दगडांचा शोध

यापुढचं काम घड्याळावर मोजण्यासारखं नाही, आणि मला त्यावरच जास्त थांबायचं आहे.

नवी मशीद काँक्रीटमध्ये वर्ष-दोन वर्षांत उभी करता आली असती. युद्धानंतर बोस्नियात तशा पुष्कळ झाल्याही. बान्या लुकाच्या लोकांनी आणि सारायेवोच्या वास्तुशास्त्र विद्यालयातल्या मंडळींनी वेगळं ठरवलं: जेवढे मूळ दगड सापडतील तेवढे आणायचे आणि त्यांच्या मूळ जागी बसवायचे. मुहामेद हामिदोविच यांच्या देखरेखीखाली आराखडा झाला. २००३ मध्ये ही जागा राष्ट्रीय स्मारक ठरली, म्हणजे मनाला येईल तसं बांधण्याची वाटही बंद झाली.

मग माणसं कचरा डेपोवर गेली. शहराच्या दशकभराच्या कचऱ्याखालून कमानीचे तुकडे, कोरीव पट्ट्या, मिनाराचे वळणदार दगड उकरून काढले. प्रत्येक तुकडा धुवायचा, मोजायचा, जुन्या छायाचित्रांशी आणि रेखाटनांशी पडताळायचा, आणि तो कोणत्या भिंतीत कोणत्या उंचीवर होता ते ठरवायचं. संगणक मदतीला होता. नवे दगड लागले तिथे पाथरवटांनी जुन्या पद्धतीच्या हत्यारांनी घडवले, कारण यंत्रानं कापलेला दगड जुन्याशेजारी बसवला की लगेच परका दिसतो. मूळ मालापैकी ६५ टक्क्यांपर्यंत पुन्हा वापरता येईल, असा अंदाज होता. सुरुंगानं उडवून डेपोत पुरलेल्या इमारतीसाठी हा आकडा थक्क करणारा आहे.

भंडाऱ्याच्या वाचकाला या कामाची कल्पना यायला पवनी पुरेशी आहे. वैनगंगेकाठच्या जगन्नाथ टेकडीवर नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं १९६९-७० मध्ये उत्खनन केलं तेव्हा शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्यापुढेही स्तूपाचे विखुरलेले अवशेष होते. कोरीव खांब, त्यांच्यावर दान देणाऱ्यांची ब्राह्मीतली नावं. त्या तुकड्यांवरून त्यांनी दोन हजार वर्षांपूर्वीचा स्तूप आणि त्याला हातभार लावणारी माणसं वाचून काढली. पवनीचा स्तूप काळानं मोडला होता, दगड वेळोवेळी इकडेतिकडे गेले होते. फर्हादियाचे दगड एका वर्षात, ट्रकनं, मुद्दाम गेले. पण डेपोवर बसलेल्या माणसाचं आणि टेकडीवर बसलेल्या माणसाचं काम एकच: तुकडा हातात घेऊन विचारायचं, तू कुठला?

दगड जपण्याचा हट्ट भावनेपुरता होता असं मला वाटत नाही. ज्यांनी ते डेपोवर नेले त्यांचं म्हणणं होतं की इथे काही नव्हतंच. प्रत्येक ओळख पटलेला दगड त्या म्हणण्याविरुद्ध साक्ष देत होता. नवं बांधकाम कितीही देखणं असतं तरी ही साक्ष त्याला देता आली नसती.

खर्चाचा मोठा वाटा तुर्कस्ताननं उचलला. यावर टीकाही झाली: उस्मानी वारसा जपण्याच्या निमित्तानं अंकारा बाल्कनमध्ये आपला पाय रोवतंय. त्यात तथ्य असेल. पण ज्या प्रांतिक सरकारच्या राज्यात ही मशीद पाडली गेली, त्यानं स्वतःहून ती बांधून दिली असती तर अंकाराकडे पाहायची वेळच आली नसती. सोळा मशिदींच्या भरपाईसाठी मुस्लिम समाज न्यायालयात गेला. खालच्या न्यायालयानं २००९ मध्ये कोट्यवधी डॉलर द्यायचा आदेश दिला, तो पुढे टिकला नाही.

शनिवार, ७ मे २०१६

तेवीस वर्षांनी त्याच तारखेला फर्हादिया उघडली. तुर्कस्तानचे मावळते पंतप्रधान अहमद दावुतोग्लू आले, बोस्नियाचे मुख्य मुफ्ती हुसेन कावाझोविच आले, हजारो माणसं आली. पोलिसांचा बंदोबस्त या वेळी पक्का होता. दगड फेकला गेला नाही, कार्यक्रम ठरल्याप्रमाणे पार पडला. पण आवार भरून टाकणाऱ्या त्या गर्दीतली बरीचशी माणसं संध्याकाळी बसनं परत गेली, कारण त्यांची घरं आता दुसऱ्या गावांत आणि दुसऱ्या देशांत होती. २०१३ च्या जनगणनेत बान्या लुकातले बोस्नियाक, म्हणजे बोस्नियातले मुस्लिम, आठ हजारांच्याही खाली आले होते.

बोस्नियात ७ मे हा आता मशिदींचा दिवस म्हणून पाळतात. फोचाची आलाजा २०१९ च्या मे महिन्यात पुन्हा उघडली. आणि फर्हादियापाठोपाठ त्याच रात्री पाव तासाच्या आत पडलेली आर्नाउदिया ७ मे २०२४ ला, फर्हादियानंतर आठ वर्षांनी, नमाजासाठी खुली झाली.